जपानी हस्तकलांचं प्रदर्शन पहिल्यांदा बघायला जाताना

सप्टेंबरात पुण्या-मुंबईहून कुणी टोकियोला येणार असलं की मी आधी विचारते, एक सकाळ मोकळी ठेवता येईल का? देवळं, बागा, शिबुयाचा चौक हे सगळं होतंच. पण दर वर्षी सप्टेंबरात निहोनबाशीच्या मित्सुकोशी दुकानात ‘निहोन देन्तो कोगेईतेन’ भरतं, म्हणजे जपानच्या पारंपरिक हस्तकलांचं वार्षिक प्रदर्शन. ते बघायला वेळ नीट काढून ठेवावा लागतो.

पहिल्या वर्षी मी एकटीच गेले होते. पाचशेच्या आसपास वस्तू पाऊण तासात बघून बाहेर पडले. रात्री आठवू लागले तर एक काळा डबा सोडून काहीच डोळ्यांसमोर येईना. पुढच्या वर्षी शेजारच्या जपानी आजींबरोबर गेले. त्या एका पेटीसमोर थांबल्या, वाकल्या, गुडघे टेकून पेटीच्या पातळीवर डोळे आणले, मग उठून दोन पावलं मागे गेल्या. दहा मिनिटं एकाच पेटीपाशी. काय बघताय, असं विचारल्यावर म्हणाल्या, "हात कुठून कुठे गेला ते बघते." त्या दिवशी आम्ही वीसेक वस्तू बघितल्या असतील, पण त्यातल्या बऱ्याचशा मला अजून आठवतात.

जपानी वस्तूवर काम करणाऱ्याच्या खुणा असतात, आणि थोडी सवय केली की त्या वाचता येतात. पुढे जे लिहिलंय ते या सवयीसाठी.

आधी ठरवा, कुठलं प्रदर्शन

‘जपानी हस्तकला’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी दाखवल्या जातात. हे ठाऊक नसेल तर पाहुणा भलत्याच अपेक्षेनं जातो.

पहिली म्हणजे वर सांगितलेलं देन्तो कोगेईतेन. हे कलाकारांचं प्रदर्शन. कुणीही आपलं काम पाठवू शकतं, परीक्षक निवड करतात आणि निवडलेलंच मांडलं जातं. १९५४ साली ते सुरू झालं. त्यामागची गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. जानेवारी १९४९मध्ये नारातल्या होर्यूजी मंदिराच्या मुख्य दालनाला आग लागली आणि तिथली प्राचीन भित्तिचित्रं होरपळली. देश हळहळला. पुढच्याच वर्षी सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला. १९५४मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि वस्तूंच्या जोडीनं हातातलं कसबही जपण्याची सोय सरकारनं केली. ते कसब ज्याच्या अंगी आहे त्या माणसाला लोक ‘निंगेन कोकुहो’ म्हणतात, म्हणजे माणसाच्या रूपातला राष्ट्रीय ठेवा. अशा प्रत्येकाला सरकार वर्षाला २० लाख येन देतं. ते पुढची पिढी घडवण्यासाठी आणि स्वतःचं काम अधिक पक्कं करण्यासाठी असतात. कोगेईतेनमध्ये या मंडळींचं काम पहिल्यांदाच निवडल्या गेलेल्या तरुणाच्या कामासोबत एकाच दालनात असतं. मला या प्रदर्शनातली ही गोष्ट सगळ्यात आवडते.

दुसरी म्हणजे ‘मिंगेई’, लोकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू. यासाठी टोकियोतल्या कोमाबा भागातलं निहोन मिंगेईकान बघा. ‘मिंगेई’ ही कल्पना मांडणारे यानागी सोएत्सु यांनी ते १९३६ साली उभं केलं. शिबुयाहून इनोकाशिरा मार्गावर कोमाबा-तोदाईमाए स्टेशनला उतरून थोडं चालायचं. इथे वस्तूंवर निर्मात्याचं नाव बहुतेक वेळा नसतंच. काळ्या पाट्यांवर तांबड्या अक्षरांत दोन-चार शब्द लिहिलेले असतात, बस. हे मुद्दाम आहे. यानागींचा आग्रह असा, की आधी वस्तू बघा, माहिती मागाहून.

तिसरी म्हणजे ‘देन्तोतेकी कोगेईहिन’. १९७४च्या कायद्यानं नोंद झालेल्या, ठरावीक प्रदेशात बनणाऱ्या वस्तू. अटी कडक आहेत. वस्तू रोजच्या जगण्यात वापरायची हवी, मुख्य काम हातानं झालेलं हवं, आणि रीत निदान शंभर वर्षांची हवी. त्या बघायच्या तर आओयामा-इच्चोमे स्टेशनजवळच्या ‘आओयामा स्क्वेअर’ला जा. प्रवेशाला पैसे नाहीत, आणि बऱ्याचदा कुणीतरी कारागीर तिथे बसून काम करत असतो.

पहिल्यांदाच बघणाऱ्यानं कोणतं निवडावं? माझं मत सांगते. आधी आओयामा स्क्वेअरला तासभर, म्हणजे हात कसा चालतो ते डोळ्यांना कळेल. मग दुसऱ्या दिवशी कोगेईतेन. एकाच दिवशी दोन्ही करू नका, नजर थकते.

जाण्याआधीची तयारी

मित्सुकोशीतल्या प्रदर्शनाला तिकीट नसतं. मुख्य इमारतीच्या सातव्या मजल्यावरच्या दालनात ते भरतं. मेट्रोच्या गिंझा किंवा हान्झोमोन मार्गावर ‘मित्सुकोशिमाए’ नावाचं स्टेशनच आहे, तिथून थेट दुकानात शिरता येतं. नक्की तारखा दर वर्षी बदलतात, त्या आधी बघून घ्या. शेवटच्या दिवशी लवकर बंद होतं, म्हणून तो दिवस टाळाच. शनिवार-रविवारीही गर्दी असते. मधल्या वारी दुकान दहाला उघडतं तेव्हाच पोहोचलात तर पहिला तास जवळजवळ निवांत मिळतो.

सप्टेंबर जमत नसेल तर हेच प्रदर्शन टोकियोनंतर इतर शहरांत फिरतं. नागोया, क्योतो, कानाझावा, ओकायामा, हिरोशिमा, ताकामात्सु ही त्यातली काही. त्यातलं कानाझावा मी आवर्जून सुचवते, कारण २०२०च्या ऑक्टोबरपासून राष्ट्रीय कोगेईकान, म्हणजे हस्तकलांचं राष्ट्रीय संग्रहालयही तिथेच आहे. एका फेरीत दोन्ही होतात. संग्रहालयांना जपानात बहुधा सोमवारी सुट्टी असते आणि सोमवारी सण आला तर मंगळवारी, हे लक्षात असू द्या.

पाठीवरची सॅक लॉकरमध्ये ठेवा. वळताना ती कुठे लागेल ते आपल्याला दिसत नाही. ओली छत्री दाराशी. लांब गळ्यातलं घालून जाऊ नका, वाकल्यावर ते काचेवर किंवा चौथऱ्यावर आपटतं. टिपणं काढायची तर पेन्सिल न्या. बऱ्याच संग्रहालयांत पेन चालत नाही आणि तिथले कर्मचारी नम्रपणे पेन्सिल आणून देतात. आणखी एक गोष्ट मी नेहमी नेते, ती म्हणजे जवळचं बघायचा चष्मा. ज्यांना चाळिशी लागलीय त्यांनी तो विसरला तर अर्धं प्रदर्शन बुडालं.

पाटी वाचायला शिका

इथे बहुतेक जण मागे फिरतात, कारण पाट्या जपानीत. पण कोगेईतेनमधल्या वस्तूंची नावं एका ठरावीक घडणीची असतात. आधी तंत्र, मग कधी नक्षीचा विषय, शेवटी वस्तूचा प्रकार. शेवटचा शब्द ओळखता आला की निम्मं काम झालं. ‘हाको’ म्हणजे पेटी किंवा डबा, ‘हाची’ म्हणजे पसरट वाडगा, ‘त्सुबो’ म्हणजे रांजणासारखं भांडं, ‘बोन’ म्हणजे तबक, ‘ओबी’ म्हणजे किमोनोचा कमरपट्टा. दुसऱ्या शब्दाला जोडून आले की हाकोचं ‘बाको’ होतं आणि हाचीचं ‘बाची’. आपल्याकडच्या संधीसारखंच आहे, कानाला लवकर सवय होते.

फोनवरच्या भाषांतराच्या ॲपनं पाटी वाचता येते, पण तंत्राच्या नावांचं ते वाटेल ते करून टाकतं. म्हणून सात विभागांची नावं कागदावर देवनागरीत लिहून घ्या. तोगेई म्हणजे मातीकाम, सेन्शोकु म्हणजे रंगकाम आणि विणकाम, शित्सुगेई म्हणजे उरुशीचं (झाडाच्या चिकाचे थर देऊन केलेलं) काम, किन्को म्हणजे धातुकाम, मोकुचिक्को म्हणजे लाकूड आणि बांबू, निंग्यो म्हणजे बाहुल्या. यात न बसणारं सगळं, काच, मीनाकारी, सोन्याच्या वर्खाच्या कापलेल्या रेघा वगैरे, ‘शोकोगेई’ या सातव्यात.

सातही विभाग सारख्या निगुतीनं बघायचा हट्ट धरू नका. दालनात एक भरभर फेरी मारा, पंधरा मिनिटांत. कुठे पाय अडखळला ते लक्षात ठेवा. मग परत या आणि तेवढ्याच वस्तूंपाशी थांबा.

उरुशी: खाली वाका आणि तिरकं बघा

मला विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा फक्त उरुशीचा विभाग बघा.

आपल्याकडे सावंतवाडीचं लाखकाम माहीत असतं, म्हणून मराठी माणूस उरुशीला लाख म्हणून मोकळा होतो. या दोन्ही गोष्टी अगदी निराळ्या आहेत. लाख हा किड्याचा राळेसारखा स्राव, पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवरून काढलेला. उरुशी हा झाडाचाच चीक. ते झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा उतला की अंगाची काय दशा होते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कच्च्या उरुशीबद्दल वेगळं सांगायला नको. शिकाऊ कारागिरांच्या अंगावर सुरुवातीला पुरळ उठतं. दहा ते पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाच्या सालीला उन्हाळ्यापासून शरद ऋतूपर्यंत चिरा देऊन चीक गोळा करतात. अख्ख्या मोसमात एका झाडाचा मिळून साधारण २०० ग्रॅम निघतो. मग ते झाड तोडतात, आणि बुंध्याशी नवे कोंब फुटतात.

आणखी नवल वाळण्याचं आहे. रंग उन्हात वाळतो, उरुशीला मात्र वाळायला दमट हवा लागते. चिकातलं एन्झाइम हवेतल्या ओलाव्याच्या मदतीनं ती घट्ट करतं. म्हणून कारागीर वस्तू ओलसर कपाटात ठेवतात. कोकणातल्या पावसाळ्यात जी हवा आपल्याला नकोशी होते, साधारण तशीच हवा त्या कपाटात लागते. एक थर, वाळवण, घासणं, पुन्हा थर. वाजिमाच्या कामात तर लाकडापासून शेवटच्या झळाळीपर्यंत शंभरावर पायऱ्या मोजतात. १ जानेवारी २०२४च्या नोतो भूकंपात याच गावाची फार हानी झाली. अनेकांच्या कार्यशाळा गेल्या. पाटीवर ‘वाजिमा’ दिसलं तर क्षणभर थांबा.

आता बघायचं कसं? समोर ताठ उभं राहून काळ्या पेटीत फक्त आपलं तोंड दिसतं. गुडघ्यात वाकून झाकणाचा पृष्ठभाग डोळ्यांच्या रेषेत आणा. मग हळूहळू डावीकडून उजवीकडे सरका. दिव्याचं प्रतिबिंब झाकणावरून सरकत जाईल. ते कुठेही थरथरलं नाही, कडेपर्यंत सरळ गेलं, तर समजा की खालचा थर न् थर सपाट घासलेला आहे. आता नक्षीकडे बघा. सोन्याची रेघ वर उठलेली आहे की पृष्ठभागाशी एकजीव? ही ‘माकी-ए’. ओल्या उरुशीनं चित्र काढायचं आणि तिच्यावर सोन्याची पूड भुरभुरायची. शिंपल्याचे तुकडे बसवले असतील तर ते ‘रादेन’. आपण सरकलो की तुकडे हिरव्याचे गुलाबी होतात. म्हणून रादेनसमोर एका जागी उभं राहायचंच नाही.

एक तंत्र मात्र आपल्या माणसानं शोधून काढावंच. त्याचं नाव ‘किन्मा’, आणि ते ताकामात्सुच्या परिसरात वाढलं. उरुशीच्या जाड थरांवर धारदार हत्यारानं कोरायचं, त्या चरांत रंगीत उरुशी भरायची आणि घासून सगळं एका पातळीवर आणायचं. नावाचं मूळ थायी भाषेत सांगतात, ‘किन माक’, म्हणजे सुपारी खाणं. थायलंड-म्यानमारकडून जपानात पोचलेले हे डबे मुळात पानसुपारीचे. जपानात पान कुणी खाल्लं नाही, पण चहाच्या समारंभातल्या रसिकांना डबे आवडले आणि नाव तेच राहिलं. एकोणिसाव्या शतकात तामाकाजी झोकोकु या कारागिरानं ती कला आपलीशी केली. आजीच्या पानाच्या डब्याची आठवण असलेल्या कुणालाही किन्माची पेटी परकी वाटणार नाही.

कापड: आधी लांबून, मग नाक लावून

किमोनो पाठीकडून दिसेल असा आडव्या दांडीवर पसरलेला असतो. पहिल्यांदा दहा पावलं मागे जा. काही किमोनो लांबून सपाट राखाडी दिसतील, कोरे. त्यांनाच सोडून जाऊ नका. जवळ जा, अजून जवळ, हात मागे बांधून. राखाडी रंग फुटतो आणि त्याचे बारीक बारीक ठिपके होतात, तीन सेंटिमीटरच्या चौकोनात शेकडो. हे ‘एदो कोमोन’. सामुराईंच्या औपचारिक पोशाखावर हे काम असायचं. ठिपक्यांचे साचे इसे भागात कापतात. तुतीच्या सालीचा कागद थरावर थर चिकटवायचा, त्याला कच्च्या पर्सिमन फळाचा रस पाजायचा आणि मग चिमुकल्या अर्धगोल पात्यानं एकेक भोक पाडायचं. साचा बारा-तेरा मीटरच्या ताग्यावर पुन्हा पुन्हा पुढे सरकवत रंग अडवणारी खळ लावतात. आपलं काम म्हणजे एका साच्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात कुठे आहे ते शोधणं. चांगल्या कामात ते सापडत नाही. मी दर वर्षी शोधते.

पैठणी ओळखीची असेल तर ‘त्सुझुरे’ विणीचा ओबी शोधा. दोन्हींत नक्षी आडव्या धाग्यांनीच उभी राहते, आणि रंग जिथल्या तिथे फिरवून परत आणतात. फरक सांध्यात आहे. पैठणीत शेजारच्या दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवतात. त्सुझुरेत ते अडकवत नाहीत, म्हणून रंग बदलतो तिथे बारीक उभी चीर राहते. क्योतोचे विणकर आपल्या नखांना करवतीसारखे दाते पाडून त्यांनी धागा दाबून बसवतात. काचेशी डोळा नेऊन त्या चिरा बघा.

यूझेनच्या किमोनोत, म्हणजे तांदळाच्या खळीनं रेघा ओढून आत रंग भरलेल्या किमोनोत, शिवणीकडे लक्ष द्या. फुलाची फांदी एका पाखीवरून दुसरीवर जाताना तुटत नाही. कापड आधी कच्चं शिवून त्यावर चित्र आखतात, मग उसवून रंगवतात आणि पुन्हा शिवतात.

माती, धातू, बांबू

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरची पुणे-ओकायामा मैत्री बाग पुणेकरांना माहीत आहे. त्याच ओकायामा प्रांतातली ‘बिझेन’ची भांडी मातीच्या विभागात असतात, आणि ती बघून नवखा माणूस हमखास विचारतो, यात काय विशेष? रंग नाही, झिलई नाही, भाजलेल्या विटेसारखं तपकिरी. पण भट्टी लाल पाइनच्या लाकडावर दहा-दहा दिवस आणि त्याहूनही जास्त जळत असते, आणि जे काही दिसतं ते आगीनं केलेलं असतं. खांद्यावर तिळासारखे पिवळट ठिपके दिसले तर ती लाकडाची राख उडून बसलेली, वितळलेली. लालभडक रेघा दिसल्या तर तिथे भाताचं पेंढ गुंडाळलेलं होतं. म्हणून बिझेनच्या भांड्याभोवती पूर्ण फेरी घाला. आग कोणत्या बाजूनं आली ते ओळखता येतं. या भांड्यासाठीची माती बहुधा भातखाचराच्या खालून काढतात, हेही आपल्या शेतकरी माणसाला आवडावं.

तांबट आळीत मठारकाम बघितलेल्याला धातूच्या विभागात फार काही समजवावं लागत नाही. तांब्याच्या एका पत्र्याला ठोकत, तापवून मऊ करत, पुन्हा ठोकत भांडं उभं करायचं. निइगाता प्रांतातल्या त्सुबामे गावाची ही परंपरा आहे. तिथल्या काही किटल्यांची तोटीसुद्धा त्याच पत्र्यातून ठोकून बाहेर काढलेली असते, जोड नाही. तोटीच्या मुळाशी बघा. शेजारीच निळसर काळ्या धातूचं एखादं छोटं काम असेल. ते ‘शाकुदो’, तांब्यात थोडं सोनं. तो काळा रंग वरून फासलेला नसतो. किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवून, मग क्षारांच्या पाण्यात उकळून तो धातूच्याच अंगातून वर आणतात.

बांबूच्या टोपल्यांकडे बुरुडकाम म्हणून दुर्लक्ष होतं. मला ते खटकतं, बुरुडकाम कुठे कमी दर्जाचं आहे? बूड आणि काठ बघा, टोपलीची सगळी अक्कल तिथे असते. गडद तपकिरी बांबू दिसला तर तो ‘सुसुदाके’ असू शकतो. जुन्या शेतघरांच्या छपरातला, शंभर-शंभर वर्षं चुलीचा धूर खाल्लेला. एकाच कामटीवर फिकट पट्टे दिसतात, तिथे दोरी बांधलेली होती म्हणून धूर लागला नाही. लाकडी पेट्यांमध्ये खिळा शोधू नका, नसतोच. त्याऐवजी लाकडाची रेषा एका बाजूवरून कोपरा वळून दुसऱ्या बाजूवर तशीच जाते का ते बघा.

बाहुल्या आणि सातव्या विभागावर मी इथे फार लिहीत नाही. बाहुलीच्या बाबतीत चेहऱ्याआधी मान बघा एवढंच सांगते, कारण सगळा भाव तिथून येतो.

कारागिराशी बोलताना

कोगेईतेनच्या काळात दालनात कलाकार स्वतः येऊन वस्तूंबद्दल बोलतात. बोलणं जपानीत असतं, तरी मागे उभे राहा. त्यांचे हात बोलतात, हवेत ते वस्तू पुन्हा घडवत असतात. आओयामा स्क्वेअरमध्ये कारागीर समोरच बसलेला असतो आणि विचारलेलं त्याला आवडतं. तीन वाक्यं पाठ करून जा.

"सावात्ते मो ई देसु का?" हात लावू का?

"शाशिन ओ तोत्ते मो ई देसु का?" फोटो काढू का? मुख्य प्रदर्शनात यासाठी पाटी असते, ती मोडू नका.

"इचिबान मुझुकाशी तोकोरो वा दोको देसु का?" सगळ्यात अवघड भाग कुठला?

‘याला किती दिवस लागले?’ हा प्रश्न सगळेच विचारतात आणि उत्तरातून फारसं काही हाती लागत नाही. अवघड भाग विचारलात की तो कारागीर वस्तू उलटी करतो, एखाद्या कोपऱ्यावर बोट ठेवतो, कधी फसलेला नमुना खालच्या खणातून काढून दाखवतो. शब्द कळले नाहीत तरी बोट कुठे आहे ते दिसतं.

वस्तू हातात मिळाली तर आधी अंगठी आणि घड्याळ काढा. दोन्ही हातांनी, टेबलाच्या अगदी जवळ धरा, उंच उचलू नका. चहाचं भांडं कानाला किंवा झाकणाला धरून उचलायचं नाही, बुडाखाली हात घालायचा. बघून झालं की परत हातात देण्याऐवजी टेबलावर ठेवा, मग ते उचलतील. हातातून हातात देताना वस्तू निसटतात.

विकत घ्यायचं असेल तर

कोगेईतेनमधल्या बऱ्याच वस्तू विक्रीला असतात, पण किमती लाखो येनांत जातात. पहिल्या खरेदीसाठी आओयामा स्क्वेअर किंवा वर्षाखेरीस भरणारं मिंगेईकानचं नव्या वस्तूंचं प्रदर्शन बरं. घासाघीस करू नका, तिथे तो रिवाज नाही, आणि समोरच्याला फार अवघडल्यासारखं होतं. पासपोर्ट जवळ ठेवा. परदेशी प्रवाशांना खरेदीवरचा कर वाचवता येतो. मात्र नोव्हेंबर २०२६पासून पद्धत बदलते, कर आधी भरायचा आणि देश सोडताना परत घ्यायचा.

निर्मात्याच्या सहीची लाकडी पेटी मिळाली तर ती खोक्यासारखी फेकू नका. तिला ‘तोमोबाको’ म्हणतात. वस्तू आणि पेटी यांची ताटातूट झाली की वस्तूची ओळख निम्मी हरवते. पेटीला बांधलेला फितीचा बंधही तसाच ठेवा. आणि ‘बेक्को’, म्हणजे कासवाच्या पाठीचं काम, कितीही सुंदर दिसलं तरी घेऊ नका. त्या कासवाचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने बंद आहे, विमानतळावर वस्तू जाईल आणि वर चौकशी होईल.

बहुतेक पाहुणे शेवटी उरुशीचा एखादा वाडगा घेतात. घरी नेल्यावर तो काचेच्या कपाटात ठेवू नका. एसीच्या कोरड्या हवेत आणि थेट उन्हात उरुशी खराब होते, आतलं लाकूड आक्रसतं. वाडगा वापरात ठेवा. रोजची आमटी त्यात घ्या, हाताला चटका न लागता गरम राहते. मायक्रोवेव्हमध्ये आणि भांडी धुण्याच्या मशीनमध्ये मात्र घालायचा नाही. काथ्या आणि तारेची घासणी लांब ठेवा. मऊ कापडानं कोमट पाण्यात धुवा आणि लगेच पुसा. सहा महिन्यांनी खिडकीशी नेऊन तिरका धरून बघा. पुसून पुसून त्याच्यावर आलेली झळाळी दुकानात नव्हती.